दोन इंच

माझ्या कार्यालयातल्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक लोखंडी तुकडा ठेवलेला असतो. करंगळीपेक्षा थोडा लांब, अंगठ्यापेक्षा जाड. एका टोकाला आरपार भोक, दुसऱ्या टोकाला हॅक्सॉ ब्लेडनं कापल्याच्या खुणा. तपासणीला आलेले अधिकारी, पालक, पुस्तकं विकायला आलेले एजंट, सगळ्यांनी तो बोलता बोलता हातात घेऊन पाहिला आहे. माणसाच्या हाताला अशी एक सवयच असते. कुणी विचारलंच तर 'जुना आहे' एवढंच मी सांगत आलो. ते काही खोटं नव्हे.

२०२४ च्या जुलैत मात्र दहावीतल्या एका मुलानं तो उचलला, उलटसुलट केला, भोकात बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "सर, हे शॉकपचं एक्स्टेन्शन न्हवं काय?"

हा मुलगा माझ्यासमोर उभा होता तो कौतुकासाठी नव्हे. थोरल्या भावाची मोटारसायकल घेऊन तो शाळेच्या फाटकापर्यंत आला होता. प्रार्थना चालू असताना त्या गाडीच्या आवाजानं पाचवीच्या ओळीतल्या मुली दचकल्या. गाडीचा सायलेन्सर कापलेला, आरसे काढलेले, मागचं मडगार्ड उडवलेलं आणि शेपूट विंचवासारखं वर. वय पंधरा. कायदा मला ठाऊक होता. २०१९ च्या सुधारणेनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर पालकाला पंचवीस हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मी हे सगळं त्याला सुनावत होतो, आवाज चढवून, टेबलावर बोट आपटत. आणि त्यानं नेमका तो तुकडा उचलला. माझं भाषण तिथंच थांबलं.

कारण तो तुकडा माझा आहे. म्हणजे मी काढलेल्या चित्रावरून बनवलेला.

हे सांगायचं तर मला गॅरेजपासून सुरुवात केली पाहिजे. तिसऱ्या रेल्वे गेटाकडून उद्यमबागेकडं जाताना रस्त्याच्या कडेला पत्र्याचं एक गॅरेज होतं. बाबा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. १९८६ साली त्यांनी जुनी येझदी रोडकिंग घेतली, तेव्हापासून त्या गॅरेजशी आमचा घरोबा. मिस्त्रींची मातृभाषा कन्नड. गिऱ्हाइकाशी मराठी, हाताखालच्या पोरांशी दखनी, हिशेब कन्नडात. शिव्या मात्र मराठीतच द्यायचे, तिच्यात जोर येतो म्हणायचे. दारात एक लाकडी बाक होता. रविवारी सकाळी त्या बाकावर जे बसत त्यांना काम असेच असं नाही. मी बी.एड. होऊन नोकरीला लागलो त्या वर्षीपासून मीही तिथला झालो. घरी आई विचारायची, "गाडी पुन्हा बिघडली?" गाडी ठणठणीत असायची.

बाकावरचे मानकरी ठरलेले. निवृत्त सुभेदार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, त्यांची बुलेट. एका बँकेतला कारकून, त्याची आरएक्स हंड्रेड. महिन्यातून एखाद्या वेळी सावंतवाडीकडचा एक कंत्राटदार येई राजदूत थ्री-फिफ्टी घेऊन. तो आला की आजूबाजूच्या दुकानांतली पोरंही गोळा व्हायची. ३४७ सीसीची दोन सिलिंडरची ती यामाहाची गाडी १९८३ पासून आपल्याकडं बनू लागली होती. पहिल्या प्रकारात तीस घोड्यांची ताकद, नंतरच्या प्रकारात सत्तावीस. त्या काळच्या आमच्या रस्त्यांवर हे म्हणजे बैलगाडीच्या चाकोरीत अरबी घोडा. मूळच्या जपानी गाडीला पुढं डिस्क ब्रेक होता, इकडच्या गाडीला ड्रम. त्यामुळं सुभेदार तिच्याकडं बघून दर वेळी एकच वाक्य बोलत, "पळायचं कुणीबी शिकतंय. थांबायचं शिकायला पेन्शन लागते."

वाद मुख्य चालायचा तो बुलेट, येझदी आणि आरएक्स या तिघींत. सुभेदारांचं म्हणणं, बुलेट १९५५ पासून मद्रासला बनते ती मुळात फौजेनं मागणी केली म्हणून. फौजेनं जी पसंत केली तिच्यावर मास्तरांनी बोलू नये. कारकुनाचं म्हणणं, वजन म्हणजे ताकद नव्हे. माझी येझदी म्हैसूरची. जावा कंपनी मूळ चेक, तिच्या नावातच यानेचेक आणि वाँडरर ही दोन नावं एकवटलेली. म्हैसूरला कारखाना काढला तो इराणी घराण्यातल्या माणसांनी, आणि पुढं गाडीला नाव दिलं ते इराणातल्या याझ्द शहराच्या नावावरून. चेक हाडं, इराणी नाव, म्हैसूरचं पाणी, मालक मराठी आणि नाडी बघणारा कन्नड मिस्त्री. सीमाभागाला शोभणारी यापेक्षा दुसरी गाडी असेल असं मला वाटत नाही.

एकदा मी चिडून खडूनं गॅरेजच्या फरशीवर गणित मांडलं. बुलेटची ताकद १८ घोडे, वजन १६०-१७० किलो. रोडकिंगची १६, वजन १४० च्या आसपास. आरएक्सची ११, पण वजन अवघं शंभर किलोंच्या घरात. भागाकार केला तर तिन्ही गाड्यांना दर किलोमागं जवळपास सारखीच ताकद. माझ्यासारख्या एम.ए. मराठीवाल्यानं हे गणित सोडवल्याचा कुणालाही आनंद झाला नाही. तिघांनाही ते अपमानास्पद वाटलं. मिस्त्रींनी पायानं खडू पुसला आणि म्हणाले, "माष्टर, ह्यात बसनाऱ्याचं वजन कुठं धरलं?" ते खरं होतं. शंभर किलोच्या गाडीवर सत्तर किलोचा माणूस बसला की सगळा हिशेब बुलेटच्या बाजूला झुकतो.

पण कागदावरचे आकडे एक आणि रस्त्यावरची चाल दुसरी. मिस्त्री त्याला 'गाडीचा स्वभाव' म्हणत. तो शब्द मला 'हँडलिंग'पेक्षा आवडतो. आरएक्स मनात आलं की वळते, पण खड्ड्यात मनाविरुद्धही वळते. बुलेट वळायला वेळ घेते, एकदा वळणात कलली की रस्ता सोडत नाही. येझदी या दोघींच्या मधली, मात्र तिचे नखरे वेगळे. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यात. दांडा आत दाबून उभा केला की किक, पुढं पाडला की गिअर. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, त्यामुळं डाव्या हातानं लिव्हर दाबली नाही तरी चालतं. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. अनोळखी मेकॅनिककडं गेली की तो आधी डोकं खाजवणार.

आणि घाट! टू-स्ट्रोक गाडी घाट कशी उतरते हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. बुलेटचं ॲक्सिलरेटर सोडलं की इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं. येझदीत ती ओढ फार थोडी. सगळा भार ब्रेकवर, आणि ड्रम ब्रेक सतत दाबले की तापतात, तापले की पकडत नाहीत. त्यात आणखी एक मेख. आमच्या गाडीचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, बाबा लिटरला चाळीस मिली मोजून घालायचे. उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवलं की पेट्रोल जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही. इंजिन मात्र चाकाबरोबर फिरतच असतं, कोरडं. मग पिस्टन धरतो. म्हणून मिस्त्रींची शिकवण अशी, की घाट उतरताना अधूनमधून क्लच दाबायचा आणि हलकं ॲक्सिलरेटर द्यायचं. "लेकराला मधी मधी दूध पाजत न्यायचं," असं ते म्हणत. आंबोली घाट मी कितीदा तरी असा दूध पाजत उतरलो आहे.

या बाकावर बसून माणूस गाडी आहे तशी ठेवील हे शक्यच नव्हतं. प्रत्येकानं काहीतरी करून पाहिलं होतं. कारकुनानं पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केला. पिकअप वाढला, पण मोकळ्या रस्त्यावर इंजिन ओरडायला लागलं आणि पेट्रोलचा खर्च बघून त्यानं महिन्याभरात मूळचं बसवलं. कुणी हँडल आखूड केलं, कुणी मागं जाड टायर घातला. आमच्या येझदीचे सायलेन्सर आम्ही दोघा भावांनी एका रात्री खोलले आणि आतल्या जाळ्या काढून टाकल्या. दुसऱ्या दिवशी काय आवाज! गल्लीतली कुत्री मागं धावली. आठ दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की चढावर गाडी पूर्वीपेक्षा दमते आहे. मिस्त्री हसत सुटले. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर ही नुसती आवाज कोंडायची नळी नव्हे. धूर बाहेर पडताना त्याची जी लाट आपटून परत येते, ती सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं पेट्रोल पुन्हा आत ढकलते. ती लाटच आम्ही घालवली होती. आवाज मिळाला, ताकद गेली. जाळ्या परत बसवल्या. आजही रस्त्यावरून कानठळ्या बसवत कुणी गेला, की मला राग येतो आणि लगेच ती रात्र आठवते, त्यामुळं राग पुरता येत नाही.

तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं.

१९९३ चा उन्हाळा. मी सव्वीस वर्षांचा, भाऊ विसाचा. मला तो अण्णा म्हणतो. सैन्यात जायचं त्याच्या मनानं पक्कं घेतलं होतं. पहाटे येळ्ळूरच्या रस्त्यानं पळायचा, परत येऊन जोर काढायचा. सुभेदार त्याची छाती टेपनं मोजून बघायचे. मी एका इंग्रजी मासिकात शर्यतीच्या गाडीचा फोटो पाहिला होता. मागचा भाग उंच, पुढचा खाली, झेप घ्यायच्या तयारीतल्या वाघासारखी. मला वाटलं, आपली येझदी अशी का होऊ नये? वहीत चित्र काढलं. मागच्या दोन्ही शॉकपच्या खाली दोन इंचांचा लोखंडी तुकडा जोडायचा. वरचं टोक शॉकपच्या कानाला वेल्डिंग करायचं, खालच्या टोकाला भोक पाडून पूर्वीचाच बोल्ट घालायचा. उद्यमबागेत माझा वर्गमित्र टर्नर होता. त्यानं जेवणाच्या सुट्टीत दोन तुकडे लेथवर काढून दिले, वेल्डिंगही कुणाकडून तरी करून घेतलं. खर्च चहाचा.

मिस्त्रींनी गाडी पाहिली. उकिडवे बसून मागून पुढून पाहिली. म्हणाले, "माष्टर, कंपनीवाल्याला दोन इंच लोखंड महाग झालंतं म्हणून त्यानं कमी ठेवलं काय?" मी हसलो. त्यांनी चेन दाखवली, ती आता एका जागी ताणत होती. स्टँड दाखवला, तो जमिनीला पुरत नव्हता. मी स्टँडखाली एक पट्टी लावून घेतली आणि विषय संपवला. बाकावर त्या दिवशी माझ्या गाडीचीच चर्चा होती. त्याहून मोठं बक्षीस मला नको होतं.

भाऊ तर खूष. "अण्णा, वळणात आता गाडी आपणच आत शिरते की रे." हे त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि तसं का होतं हे मला फार उशिरा कळलं. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची पुढची चाकं पाहा. चाक ज्या दांड्यात बसवलेलं असतं त्याच्या जरा मागं ते टेकतं, म्हणून ढकलू त्या दिशेला सरळ होतं. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचंही तसंच. हँडलचा तिरका दांडा खाली वाढवला तर तो जमिनीला जिथं टेकेल, त्याच्या थोडं मागं चाक टेकलेलं असतं. हे जे अंतर, तेच गाडीला सरळ धरतं. मागचा भाग उचलला की तिरका दांडा उभा होतो आणि हे अंतर कमी होतं. गाडी चटकन वळते, आणि तितक्याच चटकन डगमगते. मोकळ्या रस्त्यावर साठच्या पुढं हँडल हातात थरथरायचं. मी म्हटलं, सवय होईल.

हे सगळं मला मिस्त्रींनी खडूनं फरशीवर काढून दाखवलं ते त्या वर्षीच्या सप्टेंबरात. आणि स्ट्रेचरची चाकं मी ऑगस्टमध्येच जवळून पाहिली होती.

ऑगस्टमधल्या एका रविवारी भाऊ मित्राला मागं बसवून आंबोलीचा धबधबा बघायला निघाला. हिंडलगा, शिनोळी, पुढं वेंगुर्ल्याचा रस्ता. घाटाच्या वरच्या अंगाला एका डाव्या वळणात डाव्या बाजूचा तुकडा वेल्डिंगपाशी तुटला. गाडीचा मागचा भाग एका अंगावर बसला, टायर मडगार्डला घासलं, गाडी आडवी. मित्राला खरचटलं. भावाचा डावा गुडघा गाडी आणि कडेचा दगड यांच्यात सापडला. शेजारच्यांच्या घरी फोन आला तेव्हा मी दहावीच्या चाचणीचे पेपर तपासत होतो. रात्री बेळगावच्या दवाखान्यात स्ट्रेचर ढकलताना तिची पुढची दोन्ही चाकं थरथरत होती. वॉर्डबॉय म्हणाला, "सावकाश, साहेब."

वाटीचे तुकडे झाले होते. दोन शस्त्रक्रिया, पाच महिने घरात. गुडघा पुढं निम्म्याहून थोडा अधिक वाकू लागला, तिथंच थांबला. भरती संपली. सुभेदार भेटायला आले, खुर्चीवर बसले, चहा न घेता उठले. बाबा मला काहीच बोलले नाहीत. त्यांनी येझदी भंगारच्या भावात विकली. विकण्याआधी न तुटलेला उजवा तुकडा मी हॅक्सॉनं कापून घेतला. का, ते विचारू नका. तेव्हाही सांगता आलं नसतं.

भावाची गोष्ट मात्र तिथं संपली नाही, आणि तिचं श्रेय मिस्त्रींना. १९९६ साली, म्हैसूरचा कारखाना बंद पडला त्याच वर्षी, सुभेदारांनी आपली बुलेट विकायला काढली. मिस्त्री भावाला म्हणाले, "ही घे." भाऊ म्हणाला, "माझ्या पायानं?" मिस्त्री म्हणाले, "तुझ्या पायामुळंच." येझदीची किक डावीकडं, गिअर डावीकडं. बाकी बहुतेक गाड्यांचा गिअरही डावीकडंच. पण त्या काळच्या बुलेटची किक उजवीकडं आणि गिअरही उजवीकडं. डाव्या पायाला काम एकच, मागचा ब्रेक, आणि तो घोट्यानं दाबता येतो. गुडघा पुरेसा वाकत नव्हता म्हणून मिस्त्रींनी डावा फुटरेस्ट चार इंच पुढं घेतला. जाड पट्टी कापून, कानशीनं घासून, चार बोल्टांवर. ब्रेकचा दांडा त्या मापानं लांबवला. भावाला घेऊन स्वतः आरटीओत गेले आणि रीतसर नोंद करून आणली. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम तेव्हा मला माहीतही नव्हतं, मिस्त्रींना ते पाठ होतं. त्यांची शाळा चौथीपर्यंत झाली होती. पुढं भाऊ त्यांच्याच हाताखाली बसू लागला. मिस्त्री आता नाहीत. गॅरेज भाऊ चालवतो. बाक तोच आहे.

तर त्या दहावीतल्या मुलाला मी काय सांगायचं? पोलिसांना कळवण्याचा अधिकार मला होता आणि बहुधा कर्तव्यही. त्याच्या वडिलांना बोलावलं. ते भाजीचा टेम्पो चालवतात. पंचवीस हजारांचा आकडा ऐकून ते खुर्चीच्या कडेला सरकले. घरात ते मुलाशी मराठी बोलतात, मुलाची आई कन्नड. घाबरले तेव्हा दोन्ही भाषा एकत्र आल्या. मी गाडी त्यांच्या ताब्यात दिली, मुलानं पुन्हा हात लावला तर लेखी तक्रार करीन असं सांगितलं आणि येत्या रविवारी मुलाला घेऊन माझ्या भावाच्या गॅरेजवर यायला सांगितलं. मी कर्तव्यात कसूर केली असं कुणाला वाटलं तर मी वाद घालणार नाही.

रविवारी बापलेक आले. थोरला भाऊही आला, गाडी चालवत, मान खाली घालून. मी लोखंडी तुकडा खिशात घालून गेलो होतो. मनात ठरवलं होतं, की मुलासमोर सगळं सांगायचं. चित्र कुणी काढलं, हट्ट कुणाचा होता, मिस्त्रींचं कुणी ऐकलं नाही. एकतीस वर्षांत हे वाक्य मी माझ्या भावासमोर कधी पूर्ण उच्चारलं नव्हतं.

मुलाचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. तो बुलेटच्या डाव्या फुटरेस्टपाशी बसला होता. पट्टी, बोल्ट, ब्रेकचा दांडा, सगळं त्यानं बोटानं चाचपलं. माझ्या भावाला म्हणाला, "काका, हितं वेल्डिंग का केलं न्हाई? झटक्यात झालं असतं की."

भाऊ म्हणाला, "बोल्ट सैल झाला तर वाजतो. हाताला लागतो. वेल्डिंग आतनं फुटत जातं, तोंडानं सांगत न्हाई." मग थोडा थांबून म्हणाला, "म्हंजे, कधी कधी दिसतं. मला दिसलंतं."

मी विचारलं, "काय दिसलं होतं?"

"तडा," तो म्हणाला. माझ्याकडं न बघता, फडक्यानं हात पुसत. "त्या दिवशी सकाळी गाडी पुसताना. केसाएवढा. तुला सांगितलं असतं तर तू गाडी दिली नसतीस. म्हटलं, आज जाऊन येऊ, उद्या दाखवू."

गॅरेजमध्ये कुणी काही बोललं नाही. मुलाला यातलं किती कळलं ठाऊक नाही. तो त्या चार बोल्टांकडंच बघत होता. मी खिशात हात घालून तो तुकडा घट्ट धरून उभा होतो. एकतीस वर्षं मी ज्याची कबुली द्यायची म्हणून वाट पाहत होतो, ती त्यानं माझ्या आधी देऊन टाकली होती. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यानं खरं तेच सांगितलं, की माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून आत्ता रचलं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तो बुलेट चालवणारा माणूस आहे, वळायला वेळ घेतो. आणि त्याला तडा दिसला असला तरी चित्र माझंच होतं. हे मी त्याला तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं. तो म्हणाला, "ते म्हाइत हाय की रे, अण्णा. तुझी वही मीच जपून ठेवलोय."

वही! मला वाटत होतं ती मी जाळली.

मुलाच्या भावाला त्यानं विचारलं, मूळचे शॉकप कुठं आहेत. ते माळ्यावर होते. पुढच्या रविवारी पोत्यात घालून आणले. सायलेन्सर नवा घ्यावा लागणार होता, त्यासाठी वडिलांनी दिवाळीपर्यंत मुदत मागितली. तोवर गाडी घरात झाकून ठेवायची असं ठरलं. मुलाला माझ्या भावानं कामाला लावलं. गाडी लाकडी ठोकळ्यावर घेतली, एक्स्टेन्शन काढली, जुने शॉकप बसवले. चेनचा ताण बघायला शिकवलं, चाक सरळ रेषेत आहे का ते दोरी लावून बघायला शिकवलं. "इल्ली नोड्री, सर," असं मुलगा मला मध्येच कन्नडात म्हणाला आणि जीभ चावली. मी बघितलं. दोरी दोन्ही टायरांना चार ठिकाणी टेकली होती.

ठोकळा काढल्यावर गाडी मागून दोन इंच खाली बसली आणि साइड स्टँडवर नीट कलली. भावानं तीन बोल्ट आवळले, पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "अण्णा, चौथा तू बघ."